मस्कतहून आलेला आवाज

गंगुबाईला संशय यायला कारण लागत नाही. जेवणावळीत कोणी आग्रहाने वाढायला लागलं की कालचं उरलेलं खपवतायत असं तिला वाटतं. पाटी घेऊन पावसच्या बाजूला मासे विकायला जाते, तर हातात आलेली नोट आधी उन्हात धरून बघते. जेटीवर स्वतः मासळी घेताना कल्ले उघडून बघितल्याशिवाय भावाची गोष्ट काढत नाही, मग समोर सख्खा भाऊ का असेना. मी लग्न होऊन गणपतीपुळ्याहून पूर्णगडात आले तेव्हा शेजारधर्म म्हणून तिला नारळाच्या वड्या नेऊन दिल्या होत्या. तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, आधी तू एक खा. मी खाल्ली, पण मनात म्हटलं, ही कसली बाई. पुढे शेजार मुरला, स्वभाव कळला, आणि आता तिने कशावर संशय घेतला नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं.

तिचा एकुलता एक मुलगा गौरव अगदी उलटा. कोणावरही विश्वास टाकणारा आणि पोटात काही न ठेवणारा, निदान मला तरी तसं वाटायचं. रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात कामाला होता आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर रील काढायचा. आईने बांगड्याचं कालवण केलं की रील. जाळं विणणारा म्हातारा दिसला की रील. किल्ल्यावर चढला आणि खाडीचं तोंड दिसलं की रील. घराची पडवी, परसातला फणस, मांजरीची पिल्लं, आईने घातलेल्या शिव्या, काही म्हणून सोडलं नाही त्याने. घरातलं सगळं असं रस्त्यावर वाळत घालू नये, असं गंगुबाई म्हणायची. मग तेही तो रीलमध्ये टाकायचा आणि लोक हसायचे.

त्याला मस्कतला काम लागलं ते पावसच्या अजिंक्यच्या ओळखीने. अजिंक्य तिकडे पर्यटकांच्या बोटीवर होता. सूर नावाच्या बंदरात आणखी एक बोट उतरणार आहे, माणूस हवा आहे, असं त्याने कळवलं आणि गौरव उडी मारून तयार झाला. कागदपत्रं झाली, तिकीट झालं. आमच्याकडे त्यावर फारशी चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती एकाच गोष्टीवर, तिकडे मोबाईलला डेटा कसा मिळणार.

आपल्याच कंपनीचं रोमिंग घ्यावं तर ते महाग. तिकडे उतरून सिम घ्यावं तर पासपोर्ट दाखवा, रांग लावा, आणि समोरचा काय बोलतोय ते कळायला हवं. शेवटी गौरवने इथूनच ई-सिम घेतलं. म्हणजे कार्ड नाहीच. पैसे भरायचे आणि ते मोबाईलमध्ये आपोआप बसतं, प्रीपेड, ठरावीक दिवसांसाठी. गंगुबाईने विचारलं, कार्ड कुठाय? तो म्हणाला, कार्ड नसतं. जी वस्तू हातात येत नाही तिचे पैसे कसले भरतोस, असं म्हणून ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

त्यात त्याने स्वतःच एक घोळ घालून ठेवला. रील काढायच्या नादात ते ई-सिम त्याने निघायच्या कितीतरी आधी घरीच चालू केलं. बघा मंडळी, मी अजून पूर्णगडात आणि माझं सिम परदेशी, असं काहीतरी बोलला त्यात. चालू केल्या दिवसापासून त्याची मुदत मोजली जाते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचायची आपल्यात पद्धत नाही.

दुसरा घोळ आप्पांनी घातला. आप्पा म्हणजे गंगुबाईचे धाकटे दीर. होड्यांचे मालक, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे, आणि जगात कुठे कोण फसलं याचा हिशेब ठेवणारे. त्यांनी गौरवला बजावलं की आपलं इकडचं सिम मोबाईलमध्ये ठेवून तू परदेशात उतरलास तर घरदार विकावं लागेल एवढं बिल येईल. गौरवने घाबरून सिम काढलं आणि आईच्या बटणांच्या फोनमध्ये रिकाम्या जागी बसवलं. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर यायचा. आला तर आई सांगेल की, त्यात काय, असं तो मला म्हणाला होता.

तो गेला आणि पाठोपाठ रत्नागिरीहून बँकेची माणसं आमच्या समाजमंदिरात आली. फसवणुकीपासून सावध राहा, असा कार्यक्रम होता. चहा-बिस्किटं होती म्हणून गर्दी झाली. त्या बँकवाल्या मुलाने छान समजावून सांगितलं. अनोळखी नंबर, ओळखीचा आवाज, घाई आणि ओटीपी, ही चौघं एकत्र आली की फोन कापायचा. आजकाल यंत्राने कोणाचाही आवाज काढता येतो, तुमच्या मुलाचासुद्धा, आणि ओटीपी देवाने मागितला तरी द्यायचा नाही. गंगुबाई पहिल्या रांगेत बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी शिकलेला माणूस तिच्या मनातलं बोलत होता. घरी येताना ती मला म्हणाली की हा मुलगा चांगल्या आईबापांचा दिसतो.

पुढच्या शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून मी मशीनवर ब्लाऊज घेऊन बसले होते. गंगुबाई आली ती चिंबोरी धरावी तसा फोन अंगापासून लांब धरून.

"दर्शना, बग गो हे. कोन तरी गौरवचा आवाज काडून बोलतोय."

मी विचारलं, काय झालं. तिने सांगितलं ते असं. लांबलचक परदेशी नंबरवरून फोन आला. आये, मी गौरव, असं म्हणून तिकडचा माणूस भराभर बोलायला लागला. सकाळपासून डेटा बंद झालाय. राहत्या जागेतून सामान घेऊन बाहेर पडलोय. सूरला न्यायला कंपनीची गाडी येणार आहे, पण ती कुठे थांबणार ते ड्रायव्हर मोबाईलवर कळवणार, आणि मी भेटलो नाही तर ते दुसऱ्या माणसाला घेऊन जातील. एका केरळवाल्याच्या दुकानात उभा आहे, त्याच्या कॉम्प्युटरवरून नवीन डेटाचे पैसे भरतोय, त्याच्याच फोनवरून बोलतोय. आज शुक्रवार, तो नमाजासाठी दुकान बंद करणार, बाकीची दुकानं आधीच बंद झालीत. तुझ्या फोनवर नंबर आलाय, तो लवकर सांग. इथपर्यंत गंगुबाईने ऐकलं आणि नंबर हा शब्द कानावर पडताच फोन कापला.

"चौघं पन आले," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि थोडा अभिमानही होता.

मी मेसेज बघितला. इंग्रजीत होता. ओटीपी, रक्कम डॉलरमध्ये, आणि ज्या कंपनीला पैसे जाणार तिच्या नावापुढे सिंगापूर. खाली ठळक, कोणालाही सांगू नका. मी ते वाचून दाखवत होते तेवढ्यात आप्पा आमच्या पडवीत आलेच. कुठे काही बिनसलं की त्यांना वास लागतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावून मेसेज स्वतः बघितला आणि समाधानाने मान हलवली. पोरगा मस्कतला, पैसे डॉलरमध्ये आणि कंपनी सिंगापूरची, हे कुठे जुळतं का, असं त्यांनी मला विचारलं. मला तेव्हा माहीत नव्हतं की असल्या प्रवासी सिमच्या कंपन्या कुठल्याही देशात असू शकतात. मला ते जुळत नाही असंच वाटलं.

मी माझ्या मोबाईलवरून गौरवला मेसेज टाकला. एकच खूण आली, म्हणजे पोचला नाही. बघा, त्याचा डेटा खरंच बंद आहे, मी म्हटलं. आप्पा म्हणाले, किंवा त्याचा मोबाईल काढून घेतलाय. अजिंक्यला फोन लावला, तो उचलेना. तो बोटीवर असेल, असं मी म्हटलं. आप्पा म्हणाले, किंवा तोही त्यांच्यातलाच असेल. या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला एक किंवा होता. मला आप्पांचा राग येत होता हे मी लपवत नाही. गौरवचं काही चांगलं होतंय हे त्यांना बघवत नाही, असा माझा जुना संशय होता. तो गेला त्या दिवशीच ते म्हणाले होते की महिनाभरात परत येईल बघा.

पण गंगुबाईची भीती खोटी म्हणता येत नव्हती. त्या नंबराला जोडलेल्या खात्यात तिच्या नवऱ्याचे, केरू तांडेलांचे, पैसे होते. ते समुद्रात बुडून गेल्यावर सरकारकडून जे मिळालं ते तिने मुलाच्या नावावर ठेवलं होतं आणि घर गळत असताना त्याला हात लावू दिला नव्हता. एका बाजूला ते पैसे. दुसऱ्या बाजूला, आवाज खरा असेल तर, परक्या देशात रस्त्यावर उभा असलेला मुलगा आणि हातातून चाललेली नोकरी.

फोन परत वाजला. आप्पांनी खूण केली, मोठ्या आवाजावर लाव, आम्हाला ऐकू दे. आणि तिला हळूच सांगितलं की असं काहीतरी विचार जे फक्त गौरवलाच माहीत असेल. मी बटण दाबून दिलं.

गंगुबाईने तांडेलांच्या होडीचं नाव विचारलं. आवाजाने बरोबर सांगितलं. आप्पांनी मान हलवली, तो त्या होडीच्या फळीचं रील काढून बसलाय. तिने मांजरीचं नाव विचारलं. बरोबर. तेही रीलमध्ये. हाताला कुठे लागलं होतं, कशाने लागलं होतं, कोणता मासा खात नाही, घराची किल्ली कुठे ठेवतो, सगळं बरोबर, आणि प्रत्येक उत्तरावर आप्पा माझ्या मोबाईलवर तो तो व्हिडिओ काढून तिच्यापुढे धरत होते. त्यांनी गौरवची रीलं एवढी लक्ष देऊन बघितली असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. शेवटी तो आवाज चिडला. आये, मी इथे परक्याच्या दुकानात उभा हाय आनि तू मांजरीचं काय विचारतेस, असं म्हणाला. चिडणं अगदी गौरवचं होतं. यंत्राला राग पण येतो आता, असं आप्पा कुजबुजले. तेवढ्यात त्या ओटीपीची मुदत संपली आणि तो आवाज म्हणाला की थांब, परत पाठवतो, दुकानदार शटर ओढतोय, आता शेवटचाच फोन करू देणार आहे. आणि बंद झाला.

मला एकाएकी त्या पोराची कीव आली. एवढा सगळा स्वतःला जगापुढे मांडून बसला होता की मी मीच आहे हे पटवायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

"दर्शना," गंगुबाई म्हणाली, "त्या मोबाईलमध्ये नाय असं काय हाय गो माज्या पोराचं?"

मी आठवू लागले. मला काही सुचेना. तीही आठवत असावी. आधी ती माझ्याकडे बघत होती, मग आप्पांकडे बघायला लागली, आणि मग तिने मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. तिचा चेहरा एवढा उतरला की मला वाटलं, हिला चक्कर येतेय. मी पाणी आणून दिलं. तिने वास न घेता ते पिऊन टाकलं, आणि तिथेच मला कळायला हवं होतं की काहीतरी वेगळं चाललंय.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी पूर्णगडात सगळ्यांना माहीत आहे आणि जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. होडीवर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. विसरलं काही तर विसरलं, गेलं तर गेलं, पण हाक मारून त्याला मागे वळायला लावायचं नाही. बाहेरच्यांना ते खुळ्यासारखं वाटेल. आमच्याकडे शिकलेली माणसंसुद्धा ते पाळतात. केरू तांडेल ज्या सकाळी गेले त्या सकाळी त्यांना मागून हाक पडली, ते वळले, आणि त्याच दिवशी खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बाकीचे पोहून आले. ते आले नाहीत, आणि सापडलेही नाहीत. गाव जेटीवर जमलं होतं. गौरव तेव्हा शाळेत जाणारा, हाफ पँटमधला पोर होता. गंगुबाईने सगळ्यांच्या देखत त्याच्या थोबाडीत मारली आणि ओरडली की तू हाक मारलीस, तू बापाला हाक मारलीस. त्याला वडिलांच्या मागे जेटीवर धावताना काही जणांनी पाहिलंही होतं. झालं. त्या दिवसापासून गावातल्या एकाही तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, त्याला होडीवर पाऊल ठेवू दिलं नाही. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. नेहमी दुसरंच कारण असायचं, माणसं पुरी झाली, पुढच्या हंगामाला बघू. आप्पांच्या होड्या तर घरच्याच, पण त्यांनीही पुतण्याला घेतलं नाही. तांडेलाचा मुलगा बर्फ फोडायला रत्नागिरीला गेला आणि बोटीवर काम मिळावं म्हणून त्याला समुद्र ओलांडून मस्कतला जावं लागलं.

मी गावात सून म्हणून आले तेव्हा मला ही गोष्ट अशीच सांगितली गेली, आणि मीही ती तशीच मानली. तापट आईने दुःखाच्या भरात लहान पोराला मारलं, एवढंच मला त्यात वाईट वाटायचं.

फोन वाजला. मेसेजची टिंग पण झाली, नवीन ओटीपी आला. मी बटण दाबायला हात पुढे केला आणि गंगुबाईला विचारलं, आवाज लहान करू का, तुला काही खाजगी विचारायचं असेल तर. तिने आप्पांकडे बघितलं. नको, म्हणाली, असू दे मोठा.

मागे कोणीतरी मल्याळीत घाई करत होतं आणि शटरचा खडखडाट येत होता. आये, आता तरी सांग, तो म्हणाला.

"सांगते," ती म्हणाली. "आधी तू सांग. तुजे बाबा गेले त्या दिवशी मागून हाक कोनी मारली?"

मग तो म्हणाला, आये, आता हे कशाला काढतेस. तिने परत तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, मी मारली, सगळ्या गावाला माहीत हाय. आप्पांनी लगेच हात उडवला. बरोबरच होतं त्यांचं. जी गोष्ट सगळ्या गावाला माहीत ती कोणीही सांगेल, गावातलाच कोणी या चोरांना सामील असेल तर तोही सांगेल. तिची परीक्षा फुकट गेली असं मला वाटलं.

गंगुबाई फोनवर वाकली.

"गावाला म्हाईत हाय ते नको मला. तुला काय म्हाईत हाय ते सांग."

"आये, दुकान बंद करतोय तो."

"करू दे. सांग."

त्या आवाजाला काय उत्तर द्यायचं ते नक्की माहीत होतं. माहीत नसल्यासारखा तो थांबला नव्हता, सांगू की नको म्हणून थांबला होता. एवढं कोणालाही ऐकू आलं असतं. आप्पांनासुद्धा आलं असावं, कारण त्यांनी माझा मोबाईल खाली ठेवला.

"तू मारलीस," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "बाबांची तमाखूची पिशवी चुलीपाशी विसरून रवली. तू दारातनं हाक मारलीस, ते वळले, आनि तू मला पिशवी देऊन पाठवलंस. मी धावत जाऊन दिली. मी हाक नाय मारली, आये. पन मी कोनाला नाय बोललो. अजून नाय बोललो."

गंगुबाईने डोळे मिटून घेतले. मग माझ्या हातातून फोन घेतला, मेसेज उघडला आणि एकेक आकडा ठासून सांगायला सुरुवात केली. आप्पांनी तिला अडवलं नाही. तिकडून तो एकेक आकडा परत म्हणत होता. शेवटचा आकडा झाल्यावर थोडा वेळ नुसतं शटर वाजत राहिलं, आणि मग तो म्हणाला की झालं, पैसे गेले, डेटा चालू झाला, ड्रायव्हरचा मेसेज पण आलाय, गाडी जवळच आहे. माझ्या मोबाईलवर त्याला टाकलेल्या मेसेजवर दुसरी खूण उमटली. मी ती गंगुबाईला दाखवली, पण तिचं लक्ष नव्हतं.

मग त्याने विचारलं, तुझ्याजवळ कोण आहे. त्याला आमचं कुजबुजणं ऐकू आलं असावं.

"आप्पा हायत," ती म्हणाली. "आनि दर्शना. फोन मोठ्या आवाजावर हाय, सगळं ऐकलं त्यांनी."

नंतर त्याने विचारलं, का गो असं केलंस. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. इतकी वर्षं त्याने जे तिच्यासाठी झाकून ठेवलं होतं ते तिनेच उघडं पाडलं होतं आणि आता गाव तिला काय म्हणेल याची त्याला काळजी लागली होती. मी शेजारीण, मला तिथे बसवेना. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"तू जा," गंगुबाई त्याला म्हणाली. "गाडी सोडू नकोस. पोचलास की कळव." आणि तिने फोन ठेवला.

आप्पा उठून उभे राहिले होते. पडवीच्या खांबाला धरून ते बाहेर बघत होते. वैनी, जुनी गोष्ट हाय, असं ते म्हणाले, आता ती काढून काय उपयोग, झालं ते झालं. मी रागाने काहीतरी बोलणार होते, पण मला बोलायची गरज पडली नाही.

"भावजी, तुमच्या होडीवर त्याला घेतलं नाय, ती पन जुनीच गोष्ट," ती म्हणाली. "मी खोटं बोलले ते तुमी सगळ्यांनी लगेच मानलंत. एकाने नाय विचारलं की पोरा, तू काय सांगतोस."

आप्पांना या वेळी एखादा किंवाही सुचला नाही. गंगुबाईने पदर खोचला, फोन कनवटीला लावला आणि पायऱ्या उतरून चालायला लागली. घराकडे वळेल असं मला वाटलं, पण ती जेटीच्या वाटेला लागली. मी दार ओढून घेतलं आणि तिच्या पाठोपाठ गेले.

होड्या लागलेल्या होत्या. दुपारची वेळ असूनही बरीच माणसं जाळी दुरुस्त करत बसली होती, बायका सुकट पालथी करत होत्या. गंगुबाई मधोमध जाऊन उभी राहिली. कोणीतरी हसून विचारलं, आज शुक्रवारची पाटी नाय काय. ती म्हणाली, नाय. मग तिने आवाज चढवला, मासे विकताना चढवते तसाच, आणि हातातली कामं थांबली.

"माज्या नवऱ्याला हाक मी मारली होती," ती म्हणाली. "पोराने नाय मारली. मी त्याच्यावर घातलं. आता ज्याला जे काय बोलायचं हाय ते मला बोला."